चालत्या संगणकातील डिस्कचे खण

डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्क एरवी चार स्क्रूंनी पक्की आवळलेली असते, आणि ती बदलायची म्हटले की संगणक बंद करणे, बाजूचा पत्रा उतरवणे, केबली सोडवणे व अडचणीच्या जागी स्क्रूड्रायव्हर घालणे ही सगळी कामे ओघाने येतात. हॉट-स्वॅप खण म्हणजे कॅबिनेटच्या दर्शनी बाजूला बसवलेला असा कप्पा, ज्यातून संगणक चालू असताना आणि बाकीच्या डिस्कांचे काम न थांबवता एखादी डिस्क बाहेर ओढता येते व तिच्या जागी दुसरी सरकवता येते. असा खण बाजारात सुटा मिळतो आणि हाताला थोडी सवय असलेल्या कोणालाही तो बसवता येतो. परंतु त्याचे मर्म त्याच्या पत्र्यात किंवा कडीकुलपात सापडत नाही. ते आहे क्रमात: कोणता स्पर्श आधी व्हावा, कोणता नंतर, वीज केव्हा मिळावी, लिहिणे केव्हा थांबावे. हा क्रम जोडणी, मदरबोर्डवरचा कंट्रोलर आणि ऑपरेटिंग सिस्टिम या तिघांनी पाळला तरच खण आपल्या नावाला जागतो. तिघांपैकी एकाने जरी तो मोडला, तरी हाती राहतो तो केवळ डिस्क ठेवण्याचा ड्रॉवर.

काढता-घालता येणारी डिस्क ही कल्पना टेबलावरच्या संगणकाहून बरीच जुनी आहे. आयबीएमने 1956 साली आणलेल्या रॅमॅक संगणकाच्या डिस्कयंत्रात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या कायमच्या बसवलेल्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे 50 लाख अक्षरे मावत. त्यानंतर सहाच वर्षांनी, 1962 मध्ये, याच कंपनीच्या 1311 या यंत्राने सहा तबकड्यांची चळत उचलून दुसरीकडे नेण्याची सोय केली. तिचे वजन साडेचार किलोच्या आसपास आणि क्षमता 20 लाख अक्षरांची होती. मात्र या रचनेत वाचन-लेखन करणारी शीर्षे यंत्रातच राहत आणि फक्त तबकड्या बाहेर येत, त्यामुळे धूळ आत शिरण्याचा धोका आणि प्रत्येक नव्या चळतीशी शीर्षांची अचूक जुळणी, असे दोन प्रश्न कायम मागे लागलेले असत. 1973 च्या 3340 या यंत्राने, जे विंचेस्टर या नावाने अधिक ओळखले गेले, शीर्षे आणि तबकड्या एकाच बंद डबीत घालून दोन्ही प्रश्न सोडवले, आणि आजची प्रत्येक हार्ड डिस्क याच कल्पनेची वारसदार आहे. विंचेस्टरची ती डबीसुद्धा यंत्रातून काढता येत असे. डिस्क जागीच खिळून राहिली ती पुढे, क्षमता वाढत गेली आणि आकार लहान होत गेला तेव्हा. सीगेट कंपनीने 1980 मध्ये वैयक्तिक संगणकासाठी 5.25 इंची, 5 मेगाबाइटची डिस्क आणली, तोवर डिस्क हा संगणकाच्या पोटातला कायमचा अवयव ठरून गेला होता.

मोठ्या सर्व्हरांना मात्र हा कायमपणा परवडणारा नव्हता. बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी 1988 साली मांडलेल्या ‘रेड’ या संकल्पनेनुसार अनेक स्वस्त डिस्का एकत्र बांधून त्यांत जादा माहिती अशा रीतीने ठेवली जाते, की एक डिस्क निकामी झाली तरी उरलेल्यांवरून तिच्यातील मजकूर पुन्हा उभा करता येतो. एक डिस्क गेली तरी काम चालू राहणार असेल, तर ती बदलण्यासाठी काम बंद पाडणे विसंगत ठरते, आणि त्या विसंगतीतूनच सर्व्हरांच्या स्कझी डिस्कांना 80 पिनांची, वीज व माहिती एकत्र वाहणारी आणि चालू स्थितीत जोडता येणारी जोडणी मिळाली. डेस्कटॉप संगणक तेव्हा आयडीई पद्धतीवर चालत होता: 40 पिनांची रुंद, चपटी केबल, एकाच केबलवर मास्टर आणि स्लेव्ह अशा दोन डिस्का, आणि चालू वीजप्रवाहात जोडण्या-सोडण्याची कोणतीही तरतूद नाही. त्या काळी मिळणाऱ्या किल्लीच्या प्लास्टिक रॅकमुळे डिस्क घरून कार्यालयात नेता येत असे खरी, परंतु संगणक बंद केल्याशिवाय ती काढणे म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड दोन्हींवर पाणी सोडण्याची तयारी ठेवणे होते.

ही अडचण दूर केली ती साटा या जोडणीने, जिची पहिली आवृत्ती जानेवारी 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. डिस्कच्या मागच्या बाजूला 7 संपर्कांची माहितीची जोडणी आणि 15 संपर्कांची विजेची जोडणी शेजारीशेजारी असते. या पट्ट्या वरकरणी सारख्या दिसतात, पण निरखून पाहिल्यास त्यांची लांबी कमीजास्त असल्याचे आढळते, आणि सारी खुबी या फरकात आहे. डिस्क खणात सरकू लागली की विजेच्या जोडणीतील चौथा व बारावा हे भूमीचे, म्हणजे अर्थिंगचे, संपर्क सर्वांत आधी टेकतात. त्यामुळे डिस्क आणि संगणक यांच्यातील विद्युतपातळीचा फरक, तसेच अंगावरून आलेला स्थिर विद्युतभार, सुरक्षित वाटेने निघून जातो. दुसऱ्या फेरीत उरलेले भूमीचे संपर्क आणि त्यांच्यासोबत पूर्वभारणाचे संपर्क जुळतात, आणि मुख्य वीज वाहणारे संपर्क तिसऱ्या फेरीत लागतात. पूर्वभारणाची गरज समजून घेण्याजोगी आहे. डिस्कच्या सर्किटबोर्डावरील कपॅसिटर सुरुवातीला पूर्ण रिकामे असतात, आणि रिकामा कपॅसिटर विजेशी थेट जोडला तर तो क्षणभर जवळजवळ शॉर्टसर्किटसारखा वागून प्रचंड प्रवाह ओढतो. तेवढ्या क्षणात व्होल्टेज खाली गेले, तर त्याच तारेवर चालणारी शेजारची निरोगी डिस्क मध्येच रीसेट होऊ शकते. म्हणून आधी रोधकातून बेताचा प्रवाह सोडून कपॅसिटर भरून घेतले जातात आणि मगच मुख्य पुरवठा खुला होतो. हे सारे हाताने डिस्क ढकलण्याच्या एका हालचालीत, मिलिसेकंदांच्या अंतराने घडते.

येथेच बॅकप्लेनचे महत्त्व कळते. बॅकप्लेन म्हणजे खणाच्या मागच्या अंगाला उभा बसवलेला सर्किटबोर्ड, ज्याच्या एका बाजूला डिस्का येऊन बसतात आणि दुसऱ्या बाजूला केबली लागतात. पूर्वभारणासाठी लागणारा रोधक याच बोर्डावर असावा लागतो. एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून, येणाऱ्या साध्या साटा केबलमध्ये एका व्होल्टेजचे तिन्ही संपर्क एकाच तारेला जोडलेले असल्याने तो लाभ मिळत नाही. शिवाय केबलची साटा जोडणी सुमारे 50 वेळा घालण्या-काढण्यासाठी आणि बॅकप्लेनची 500 वेळांसाठी प्रमाणित केलेली आहे. आठवड्याला एकदा डिस्क बदलणाऱ्याच्या हिशेबाने पाहिले तर पहिली एका वर्षात आपली मर्यादा गाठते आणि दुसरीला साडेनऊ वर्षे लागतात. उघड्या कॅबिनेटमध्ये लोंबत्या केबलीने चालू डिस्क जोडण्याची सवय अनेकांना असते. ती निभावून जाते, पण खणाची बरोबरी तिला करता येत नाही.

जोडणीनंतर येतो कंट्रोलर. डिस्क लागली किंवा निघाली ही वार्ता ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोहोचवण्याची प्रमाणित पद्धत इंटेलने 2004 मध्ये एएचसीआय या नावाने ठरवून दिली. मदरबोर्डच्या बायोसमध्ये साटा कंट्रोलर जुन्या आयडीई पद्धतीवर ठेवला असेल तर ही वार्ता पुढे जात नाही, आणि एएचसीआय निवडूनही कित्येक मदरबोर्डांवर प्रत्येक पोर्टसाठी ‘हॉट प्लग’ हा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. खण उत्तम, बॅकप्लेन उत्तम, आणि तरीही नवी डिस्क दिसत नाही, अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा या एका ओळीत असते. विंडोज एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातून नव्हता, तो व्हिस्टापासून आला.

खण बसवण्याचे काम मुख्यतः मापांचे आहे. पूर्वी सीडी-डीव्हीडी ड्राइव्हसाठी ठेवलेली कॅबिनेटची 5.25 इंची जागा 146 मिलिमीटर रुंद आणि सुमारे 41 मिलिमीटर उंच असते, तर 3.5 इंची डिस्क 101.6 मिलिमीटर रुंद आणि 26.1 मिलिमीटर जाड. एका जागेत अशी एकच डिस्क आडवी मावते व बरीच जागा वाया जाते. दोन जागांच्या साधारण 83 मिलिमीटर उंचीत तीन डिस्का एकावर एक बसतात. आणि तीन जागा एकत्र घेतल्या की 124 मिलिमीटर उंचीत डिस्क उभी करता येते, मग 146 मिलिमीटर रुंदीत अशा पाच डिस्का शेजारीशेजारी राहतात. तीन जागांत पाच डिस्का हा बेत इतका नेमका जमतो, की सुपरमायक्रोसारख्या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीनेही त्यासाठी खास पिंजरा काढला. 2.5 इंची डिस्क 70 मिलिमीटरहून किंचित कमी रुंद असल्याने एकाच जागेत तिच्या दोन रांगा लागतात, आणि 7 मिलिमीटर जाडीच्या एसएसडी असतील तर आठही बसतात. प्रत्यक्षात आडवी येते ती कॅबिनेटमधील पत्र्याची जीभ: प्रत्येक 5.25 इंची जागेच्या खाली ड्राइव्ह टेकण्यासाठी पत्रा आत वळवलेला असतो, आणि अनेक जागा व्यापणारा पिंजरा त्याला अडतो. पकडीने या जिभा सपाट कराव्या लागतात, आणि हे काम मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर असताना करणे शहाणपणाचे, कारण पत्र्याचा एक कण सर्किटवर पडला तरी पुढचा मनस्ताप मोठा असतो.

विजेचा हिशेब याहून गंभीरपणे करायला हवा. फिरू लागताना 3.5 इंची डिस्क 12 व्होल्टच्या तारेवरून साधारण 2 अँपिअर ओढते, म्हणजे पाच डिस्का एकदम सुरू झाल्या तर 10 अँपिअर, अर्थात 120 वॉट, केवळ त्यांच्यासाठी लागतात. नंतर हा भार बराच उतरतो. डिस्का एकामागून एक सुरू करण्याची सोय विजेच्या जोडणीतील अकराव्या संपर्कात आहे, पण बॅकप्लेन आणि कंट्रोलर दोघांनी ती वापरली तरच. म्हणून पाच खणांचा सारा भार मोलेक्स या जुन्या वीजजोडणीच्या एकाच तारेवर टाकणे, त्यातही प्लास्टिक ओतून बनवलेल्या स्वस्त मोलेक्स-साटा अडॅप्टरवर टाकणे, हे संकटाला आमंत्रण आहे. असे अडॅप्टर आतल्या आत तापून जळाल्याची उदाहरणे विपुल आहेत. तिसऱ्या संपर्काची वेगळीच अडचण 2016 पासून उभी राहिली. साटाच्या 3.3 या आवृत्तीने त्या संपर्काला डिस्कची वीज दुरून तोडण्याचे काम दिले, त्यामुळे ही सोय असलेल्या डिस्का, तेथे जुन्या प्रथेप्रमाणे 3.3 व्होल्ट मिळत असल्यास, सुरूच होत नाहीत. मोलेक्सच्या तारेत 3.3 व्होल्ट मुळातच नसतात, आणि त्यामुळे केवळ तिच्यावर चालणाऱ्या जुन्या पिंजऱ्यांना या अडचणीची सहसा झळ लागत नाही.

दाटीने उभ्या केलेल्या डिस्कांना हवा लागते. पिंजऱ्यामागचा पंखा समोरून हवा ओढतो, आणि डिस्कांमधील फट काही मिलिमीटरचीच असल्याने पंखा थांबला की तापमान झपाट्याने चढते. गूगलच्या संशोधकांनी 2007 मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून असे दाखवले, की सामान्य तापमानाच्या पट्ट्यात उष्णता व बिघाड यांचा सरळ संबंध दिसत नाही. परंतु अतिशय चढ्या तापमानात, विशेषतः तीन वर्षांहून जुन्या डिस्कांत, तो दिसतो. हा दिलासा वातानुकूलित माहितीकेंद्रांतून आलेला आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीतलीच हवा 40 अंशांच्या पलीकडे गेलेली असताना बहुतेक डिस्कांची 60 अंशांची मर्यादा फार दूर राहत नाही, आणि तेथे आवाज कमी करण्यासाठी पंख्याची गती उतरवण्याचा मोह टाळणेच इष्ट.

डिस्क काढण्याचाही क्रम आहे, आणि नुकसान बहुधा येथे होते. ऑपरेटिंग सिस्टिम वेगासाठी काही मजकूर स्मृतीत धरून ठेवते व सवडीने डिस्कवर लिहिते, म्हणून ‘सुरक्षितपणे काढा’ या आज्ञेने आधी ते लिखाण पुरे करून घ्यावे लागते. त्यानंतर खणाची कडी उघडून डिस्क बोटभरच पुढे ओढावी, म्हणजे वीज तुटेल पण डिस्क चौकटीच्या आधारावर राहील, आणि मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेणाऱ्या तबकड्या थांबेपर्यंत तिला तसेच राहू द्यावे. शीर्ष आणि तबकडी यांच्यातील अंतर काही नॅनोमीटरचे असते आणि फिरत्या डिस्कला बसलेला हिसका ते ओलांडू शकतो. रेड संचातील डिस्क बदलताना प्रत्येक ट्रेच्या तोंडावर आतल्या डिस्कचा अनुक्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असावी. एका डिस्कचा आधार आधीच गेलेल्या संचातून चुकून निरोगी डिस्क ओढली गेली, तर सगळा संच कोसळतो, आणि तेव्हा खणांवर फक्त एकसारखे दिवे लुकलुकत असतील तर चूक व्हायला क्षण पुरतो.

रेडमुळे काम थांबत नाही, पण चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कांवरून एकदमच पुसली जाते, म्हणून बॅकअपची जागा रेड घेऊ शकत नाही. डेस्कटॉपवरील खणाचा सर्वांत मोलाचा उपयोग या बॅकअपसाठीच आहे: दोन-तीन डिस्का आळीपाळीने खणात घालून प्रत भरून घ्यायची आणि भरलेली डिस्क दुसऱ्या वास्तूत नेऊन ठेवायची. छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेल्या नियमानुसार मजकुराच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक निराळ्या ठिकाणी असावी. लग्नांचे चित्रण करणाऱ्या स्टुडिओंना, छापखान्यांना आणि दप्तर सांभाळणाऱ्या छोट्या संस्थांना या तिसऱ्या प्रतीचा खर्च खणामुळे एका ट्रेएवढ्यावर येतो. विजेशी आणि यंत्राशी संबंध तुटलेल्या, कपाटातल्या डिस्कपर्यंत खंडणीखोर विषाणूही पोहोचत नाही.

अलीकडच्या कॅबिनेटांत दर्शनी 5.25 इंची जागाच राहिलेली नाही. काचेची बाजू, मोठे पंखे आणि रेडिएटर यांनी ती व्यापली. मदरबोर्डावर थेट बसणाऱ्या एम.2 एसएसडी वेगाने साटापेक्षा कितीतरी पुढे आहेत, परंतु त्या स्क्रूने खिळलेल्या असतात आणि डेस्कटॉपवर चालू स्थितीत काढण्यासाठी त्यांची आखणी झालेली नाही; सर्व्हरांसाठी असलेल्या यू.2 जोडणीत ती सोय आहे, पण तिला लागणारा बॅकप्लेन आणि कंट्रोलर महाग पडतात. त्यामुळे ज्यांना मोठ्या क्षमतेच्या डिस्का नियमाने काढाव्या-घालाव्या लागतात, ते जुनी, तीन-चार दर्शनी जागांची कॅबिनेटे शोधून घेतात आणि त्यांत नवा मदरबोर्ड बसवतात.