वाळूतल्या वाटा : गाडीआधी वजनकाटा

आज लो रेंज आणि डिफरेन्शियल लॉकबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात. मध्येच ॲडलेडहून एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यांनी माझ्या अगदी जिव्हाळ्याच्या विषयाला हात घातला. ते विचारतात : आमच्याकडे पाच दारांची जिम्नी आहे, आम्ही नवरा-बायको दोघंच आहोत, ऑगस्टमध्ये सिम्पसन वाळवंट ओलांडायचं मनात आहे. मित्रमंडळी म्हणतात, लँडक्रूझर घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. काय करावं?

मित्रमंडळींना मोठी गाडी म्हणजे भक्कम गाडी असं वाटतं. शोरूममध्ये ते खरंही असेल. वाळूत मात्र गाडीची निवड इंजिनापासून सुरूच होत नाही. ती सुरू होते वजनापासून. गाडीचं स्वतःचं वजन किती, तिच्यावर किती लादायचं आणि ते पेलायला ती बांधली आहे का, हे तीन आकडे आधी. बाकी सगळं मागून.

सिम्पसनमध्ये १,१०० च्या आसपास वाळूच्या लांबच लांब रांगा एकमेकींना समांतर पडलेल्या आहेत. १९६२ साली हे वाळवंट पहिल्यांदा मोटारीने ओलांडलं ते रेग स्प्रिग या भूगर्भशास्त्रज्ञाने. एडियाकाराच्या टेकड्यांमधले जगप्रसिद्ध जीवाश्म १९४६ मध्ये ज्याला सापडले, तोच हा माणूस. बरोबर पत्नी ग्रिसेल्डा आणि दोन लहान मुलं, गाडी निसान पॅट्रोल. तेव्हा तिथे वाट म्हणून नव्हतीच. आज सगळे ज्या ‘फ्रेंच लाइन’ने जातात, ती एका फ्रेंच तेल कंपनीने त्यानंतरच्या वर्षी पाडली. आजच्या बहुतेक फोर-व्हील ड्राइव्ह त्या जुन्या पॅट्रोलपेक्षा ताकदवान आहेत, आणि तरीही दर हंगामात फ्रेंच लाइनवर गाड्या मोडून पडतात. बहुतेक वेळा कारण एकच, गाडीवर झेपेल त्यापेक्षा जास्त सामान.

वजनाचा सर्वांत बोलका दाखला मात्र ऑस्ट्रेलियातला नाही, इजिप्त-लिबियातला आहे. राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९४० मध्ये ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ ही लष्करी तुकडी उभी केली. त्याआधी बरीच वर्षं तो हौसेने फोर्ड मोटारी घेऊन त्या वाळवंटात हिंडला होता. चाकांखाली घालायचे पोलादी पत्रे, रेडिएटरची वाफ थंड करून पाणी परत मिळवणारी टाकी, सूर्यावर चालणारं होकायंत्र, हे सगळं त्याने आधीच वापरून घोटलेलं होतं. तुकडीसाठी त्याने शेवरोलेचे दीड टनी ट्रक घेतले. टू-व्हील ड्राइव्ह! त्यांची दारं, काचा, टप सगळं उतरवलं आणि वाचलेल्या वजनात पाणी-पेट्रोल भरलं. १९४१ मध्ये त्यांच्या जागी फोर्डचे फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक आले. कागदावर ते सरसच होते. पण ते जड होते, शेवरोलेच्या दुप्पट पेट्रोल पीत आणि त्यामुळे तुकडीचा पल्ला कमी झाला. १९४२ मध्ये पुन्हा शेवरोले आले, तेही टू-व्हील ड्राइव्ह. ज्यांचा जीव गाडीवर अवलंबून होता, त्यांनी अनुभवाअंती केलेली ही निवड आहे. मला गाडीबद्दल कुणी विचारलं की मी आधी ही हकीकत सांगतो.

आता हिशेबाला बसू. वाळवंटाच्या पश्चिमेला माउंट डेअरला टाकी भरली की पूर्वेचं बर्ड्सव्हिल येईपर्यंत पंप नाही, आणि अंतर ५०० किलोमीटरच्या वर. जिम्नी वाळूत १०० किलोमीटरला १२-१३ लिटर खाते असं धरा. एखादी वाट बंद निघाली, मागे फिरावं लागलं, यासाठी शिल्लक धरून ९० लिटर हवं. टाकी ४० लिटरची, म्हणजे ५० लिटर जेरीकॅनमध्ये. कॅनसकट ४५ किलो. पाणी दोघांना दिवसाला १० लिटर. चार दिवसांचा प्रवास आणि दोन दिवस अडकलो तर, म्हणून ६० किलो. दोघांचं वजन १४५. तंबू, अंथरूण-पांघरूण, शेगडी, शिधा ५०. फावडं, कॉम्प्रेसर, ओढायचा पट्टा, चाकाखालच्या पट्ट्या, जॅक, हत्यारं ३०. दुसरी स्टेपनी २०. बेरीज ३५०.

पाच दारांची जिम्नी मोकळी साधारण १,२०० किलोची, आणि सगळं भरून तिला मान्य असलेलं कमाल वजन १,५४५. म्हणजे आपल्या हातात ३४५ किलो. पाच किलो जास्त झाले, ते मागची सीट उतरवून ठेवली की भरून निघतात. हिशेब बसतो, पण काठोकाठ. छतावरचा तंबू, पोलादी बंपर, विंच यांतलं काहीही त्यात मावत नाही.

मोठ्या गाडीत हेच होतं, फक्त लक्षात येत नाही. सहा-सातशे किलो लादता येतात म्हणून माणूस निर्धास्त होतो. मग पोलादी बंपर येतो, विंच येते, मागे ड्रॉवर, फ्रिज, दुसरी बॅटरी, छतावर तंबू. चार माणसं बसायच्या आधीच तीनएकशे किलो संपलेले असतात. डबल-कॅब पिकअपची गत आणखी वाईट. तिचा हौदा बराचसा मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे लोंबतो. तिथे जड सामान ठेवलं की चेसिसवर तरफेसारखा ताण येतो. टेकाडाच्या माथ्यावरून उतरून गाडी पलीकडच्या खड्ड्यात आपटली की चेसिस केबिनच्या मागे वाकते. अशी वाकलेली चेसिस मी जवळून पाहिली आहे. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट खाली बोटभर आणि वर चांगली हातभर होती. ती गाडी वाळवंटातून ट्रकवर लादूनच काढावी लागते, आणि तो खर्च ऐकवत नाही.

टायरची हवा कमी करण्याबद्दल मागे लिहिलंच आहे, तेही वजनाशी बांधलेलं आहे. हलकी गाडी १५-१६ पीएसआयवर टेकाड सहज चढते. जड गाडीला त्याच चढाला जास्त वेग लागतो, चाकं गरगरतात आणि वाळूत वाडग्यासारखे खड्डे पडतात. मागून येणाऱ्या प्रत्येकाला मग तेच खड्डे खात जावं लागतं. तिथे ट्रेलर न नेण्याबद्दल वारंवार बजावतात त्याचं एक कारण हेच.

जिम्नीची एक खोट सांगितलीच पाहिजे. तिची चाकं एकमेकांजवळ आहेत आणि वाटेवरच्या चाकोऱ्या लँडक्रूझरच्या मापाच्या. त्यामुळे एक चाक चाकोरीत आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर, अशी ती तिरपी चालते. सवय होते, पण दुसऱ्या दिवशी खांदे दुखतात. गंमत म्हणजे ज्या लँडक्रूझर ७९ चं सगळे नाव घेतात, तिचीही पुढची चाकं मागच्यांपेक्षा ९५ मिलिमीटर रुंद बसवलेली आहेत. मागची चाकं पुढच्यांनी दाबलेल्या वाळूत पडत नाहीत, स्वतःची वेगळी चाकोरी कापत जातात. वाळूत हे फुकटचं ओझं आहे.

तर ॲडलेडकरांनो, जिम्नी घेऊनच जा. ती तयार झाली आपल्या गुरुग्रामला आणि धावणार तुमच्याकडे, याचा मला मनापासून आनंद आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे जा, कारण रांगांची पश्चिमेची बाजू कमी चढाची आहे. एकट्याने जाऊ नका, दुसरी गाडी सोबत हवी. उंच काठीला झेंडा लावा, तिथे तो सक्तीचाच आहे. मुलं झाली आणि चौघांनी जायचं ठरलं, तर मात्र गाडी बदलावी लागेल.

आणि ही लेखमाला वाचून थरला किंवा कच्छला निघणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी माणसं, पाणी, इंधन, सगळं भरून गाडी काट्यावर न्या. आपल्याकडे साखर कारखान्याच्या वाटेवर काटा सापडतोच, आणि एका मोटारीसाठी कुणी फार पैसे घेत नाही. आधी पूर्ण गाडी तोला, मग फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन पुन्हा तोला. ते दोन आकडे आणि गाडीचं मॉडेल मला लिहून पाठवा.