सव्विसावी जागा

फेब्रुवारीच्या मध्याला शिकागो, बॉस्टन, डेट्रॉइट या शहरांत रस्त्याकडेला बर्फाचे ढीग असतात, आणि त्याच आठवड्यात तिथल्या बेसबॉल संघांचे पिचर आणि कॅचर फ्लोरिडाच्या नाहीतर ॲरिझोनाच्या उन्हात सरावाला उभे राहतात. 'स्प्रिंग ट्रेनिंग' नावाचा हा साधारण सहा आठवड्यांचा कॅम्प एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. आज मेजर लीगच्या ३० संघांपैकी १५ फ्लोरिडातल्या ग्रेपफ्रूट लीगमध्ये जातात आणि १५ ॲरिझोनातल्या कॅक्टस लीगमध्ये. तिथले सामने गुणतक्त्यात धरले जात नाहीत. मार्चअखेर खरा मोसम सुरू झाला, की त्यांचे निकाल कुणाच्या ध्यानातही राहत नाहीत. तरी चाहत्यांची चर्चा याच दिवसांत तापते, कारण साठ-सत्तर खेळाडूंमधून २६ जणांची यादी व्हायची असते. त्यातली वीसएक नावं कॅम्पच्या आधीच पक्की असतात. वाद होतो तो शेवटच्या चार-पाच जागांचा, आणि सगळ्यांत कडाक्याचा होतो तो अजून मेजर लीगमध्ये एकही चेंडू न खेळलेल्या एखाद्या विशीतल्या पोराचा. अशा होतकरू खेळाडूला 'प्रॉस्पेक्ट' म्हणतात.

या वादाला जाणकार फारशी किंमत देत नाहीत. संघांचे अधिकारी त्याला भाबडं प्रेम समजतात, आकडेशास्त्राचे अभ्यासक मार्चमधल्या कामगिरीला गोंगाट म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. चाहत्यांची भाकितं चुकतात, वारंवार चुकतात. पण भाकीत चुकलं म्हणून त्यामागचा प्रश्न चुकीचा ठरत नाही. 'हा पोरगा तयार दिसतो, मग तो संघात का नाही?' या साध्या प्रश्नाचं खरं उत्तर बेसबॉलच्या मालकांनी बरीच वर्षं दिलं नव्हतं, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत ते द्यावं लागलं. या लेखात मांडायचं आहे ते एवढंच.

आधी चाहते कुठे चुकतात ते पाहू. बेसबॉलमधली सरासरी क्रिकेटसारखी धावांची नसते. दर संधीमागे किती यशस्वी फटके, हे ते प्रमाण. ०.२७० म्हणजे शंभर संधींत सत्तावीस फटके, आणि तो चांगला फलंदाज. कॅम्पमध्ये नियमित खेळणाऱ्या फलंदाजाला साधारण साठ संधी मिळतात. आता मुळात ०.२७० कुवतीचा फलंदाज घ्या. साठ संधींत त्याचे सोळा फटके अपेक्षित. पण निव्वळ योगायोगाने, कुवतीत काडीचा फरक न पडता, जवळजवळ तीनपैकी एका मार्चमध्ये त्याचे फटके तेरापेक्षा कमी किंवा एकोणीसपेक्षा जास्त येतील. वीस फटके आले की सरासरी ०.३३३ दिसते आणि लोक त्याला डोक्यावर घेतात. बारा आले की ०.२०० दिसते आणि 'याला खाली पाठवा' सुरू होतं. माणूस तोच. त्यात समोरचा पिचर नवीन चेंडू घोटवून पाहत असतो, आणि सहाव्या डावानंतर मैदानात दोन्ही बाजूंनी दुय्यम लीगची पोरं उतरलेली असतात. २०११ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सच्या जेक फॉक्सने कॅम्पमध्ये १० होमरन मारले. तेवढ्यावर त्याला संघात जागा मिळाली, आणि त्या मोसमानंतर तो मेजर लीगमध्ये पुन्हा दिसला नाही. उलट २०१८ मध्ये जपानहून आलेल्या शोहेई ओहतानीने लॉस एंजेलिस एंजल्सच्या कॅम्पमध्ये ३२ संधींत फक्त ४ फटके मारले आणि पिचर म्हणूनही सपाटून मार खाल्ला. त्याला दुय्यम लीगमध्ये पाठवावं, असं म्हणणाऱ्यांत चाहते होते तसे जाणकारही होते. कॅम्पच्या शेवटच्या दिवसांत त्याने फटक्याआधी पाय उंच उचलण्याची सवय सोडली, टाच किंचित हलवण्यावर तो आला, आणि त्या मोसमात २२ होमरन मारून त्याने वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला.

मार्चमधले आकडे अगदीच मुके असतात, असंही नाही. पत्रकार डॅन रोझेनहेक यांनी २०१५ मध्ये बॉस्टनच्या स्लोन परिषदेत दाखवून दिलं, की सरासरी बाजूला ठेवून फलंदाज किती वेळा चेंडू चुकवून बाद होतो, पिचर किती जणांना तसं बाद करतो, अशा गोष्टी पाहिल्या तर कॅम्पमधल्या कामगिरीतून पुढच्या मोसमाचा थोडा अंदाज बांधता येतो. म्हणजे डोळसपणे पाहणाऱ्याला तिथे काहीतरी दिसतं.

'पण हे पाहणं व्यावसायिकांवर सोडावं, चाहत्याला काय कळतं?' हा आक्षेप इथे हमखास येतो. व्यावसायिकांची नोंद पाहू. 'बेसबॉल अमेरिका' हे नियतकालिक १९९० पासून दरवर्षी सर्वोत्तम शंभर प्रॉस्पेक्टची यादी छापतं, आणि ती तज्ज्ञांच्या मतांवर उभी असते. १९९० ते २००३ या काळातल्या यादीतल्या खेळाडूंचं पुढे काय झालं, याची छाननी २०११ मध्ये झाली तेव्हा त्यातले सुमारे ७० टक्के अपेक्षेला उतरले नव्हते. मायक पियाझा १९८८ च्या 'ड्राफ्ट'मध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी घेतात त्या वार्षिक निवडीत, ६२ व्या फेरीत, १,३९० व्या क्रमांकावर घेतला गेला आणि २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला. अल्बर्ट पुहोल्सला १९९९ मध्ये तेराव्या फेरीपर्यंत कुणी विचारलं नाही. २००१ च्या कॅम्पमध्ये सेंट लुइस कार्डिनल्सच्या बॉबी बोनियाची मांडी दुखावली, तेव्हा जागा मोकळी झाली आणि पुहोल्स संघात आला. त्या वर्षी त्याने ०.३२९ च्या सरासरीने ३७ होमरन मारले. चाहत्याचा अडाणीपणा आणि तज्ज्ञाची चूक यांतलं अंतर आपण समजतो तेवढं मोठं नाही. आणि या खेळाचं आजचं शास्त्र ज्याने रचलं, तो बिल जेम्स तरी कोण होता? कॅन्ससमधल्या डबाबंद अन्नाच्या कारखान्यातला रात्रपाळीचा पहारेकरी. १९७७ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने पहिला 'बेसबॉल ॲबस्ट्रॅक्ट' छापला, आणि २००२ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सने त्याला सल्लागार म्हणून बोलावलं. बाहेरच्या माणसाने प्रश्न विचारायचा नाही, असा नियम असता तर हा खेळ आज आहे तसा दिसला नसता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सव्विसावी जागा कुणाला द्यायची, हे कॅम्पमध्ये खेळ पाहून ठरतं असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात बराचसा निर्णय करारांच्या घड्याळावर चालतो. प्रत्येक संघाची ४० जणांची एक संरक्षित यादी असते. त्या यादीतल्या खेळाडूला साधारणपणे तीन मोसम दुय्यम लीगमध्ये मागे-पुढे पाठवता येतं. त्याला 'ऑप्शन' म्हणतात. ज्याचे ऑप्शन संपले, त्याला खाली पाठवायचं तर आधी बाकीच्या संघांना त्याला उचलून नेण्याची संधी द्यावी लागते. म्हणून दोन सारख्या खेळाडूंत ऑप्शन संपलेला संघात राहतो आणि ऑप्शन शिल्लक असलेला, कधी कधी अधिक चांगला असलेला, खाली जातो. याहून मोठा हिशेब सेवाकाळाचा. मेजर लीगच्या यादीत १७२ दिवस काढले की एक वर्ष धरलं जातं, आणि अशी सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा होऊन हवा त्या संघाशी करार करू शकतो. मोसम मात्र १७२ दिवसांहून थोडा लांब असतो. एखाद्याला सुरुवातीचे दोन आठवडे खाली ठेवलं, तर त्याचं पहिलं वर्ष अपुरं राहतं आणि संघाला जवळजवळ पूर्ण सातवं वर्ष मिळतं.

हे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडलं ते २०१५ मध्ये. शिकागो कब्सचा क्रिस ब्रायंट तेव्हा २३ वर्षांचा होता आणि त्याच्याबद्दल कुणाला शंका नव्हती. ॲरिझोनातल्या मेसाच्या कॅम्पमध्ये त्याने ४० संधींत १७ फटके मारले, त्यात ९ होमरन, सर्व संघांत सर्वाधिक. तरी संघाने त्याला आयोवाच्या दुय्यम संघात पाठवलं आणि त्याने क्षेत्ररक्षण सुधारायला हवं, असं कारण दिलं. मोसम ५ एप्रिलला सुरू झाला, ब्रायंट १७ एप्रिलला संघात आला. वर्षअखेर त्याचे १७१ दिवस भरले होते. एक दिवस कमी. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढच्या वर्षी तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि कब्सने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. खेळाडू संघटनेने दाखल केलेली तक्रार २०२० च्या सुरुवातीला लवादाने फेटाळली, आणि ब्रायंटला मोकळं व्हायला २०२१ चा मोसम संपेपर्यंत थांबावं लागलं.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. संघाने काही बेकायदा केलं नव्हतं. नियम मालक आणि खेळाडू संघटना यांनी मिळून केलेला. संघ पोरांना निवडतो, वर्षानुवर्षं पोसतो, आणि त्यातले बहुतेक फुकट जातात. मग जो निघाला त्याचं एक वर्ष जास्त मागितलं तर बिघडलं कुठे? हा व्यवहार समजण्यासारखा आहे. खटकतं ते सांगितलेलं कारण. चाहता तिकीट काढून येतो तो संघ जिंकण्यासाठी उत्तम माणसं उतरवतो, या विश्वासावर. 'करार लांबवायचा म्हणून याला पंधरा दिवस थांबवतो' असं संघ म्हणाला असता तर चाहत्याने रागावून का होईना ते ऐकलं असतं. त्याऐवजी एका उत्तम खेळाडूच्या क्षेत्ररक्षणावर बोट ठेवलं गेलं, म्हणजे किंमत त्याच्या नावाने वसूल झाली.

हे उत्तर अखेर एका अधिकाऱ्याच्याच तोंडून आलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सिएटल मरिनर्सचे अध्यक्ष केव्हिन मॅथर यांनी बेलव्ह्यूच्या रोटरी क्लबसमोर दूरदृश्य भाषण केलं. तरुण खेळाडूंचं सेवाकाळाचं घड्याळ सुरू होऊ नये म्हणून त्यांना वर आणलं नाही, हे त्यांनी उघड सांगितलं. जॅरेड केलनिकने पदार्पणाआधीचा दीर्घ करार नाकारला होता, त्याचाही त्यांनी उल्लेख केला. ध्वनिचित्रफीत बाहेर आली आणि २२ फेब्रुवारीला मॅथर यांनी राजीनामा दिला. सिएटलचे चाहते ज्याबद्दल कुरकुरत होते, ते सगळं खरं निघालं.

पण पुढचा भाग चाहत्यांना अवघड जातो. केलनिक १३ मे २०२१ ला संघात आला आणि त्या मोसमात त्याची सरासरी ०.१८१ राहिली. ज्याच्यासाठी लोक भांडले, तो तयार नव्हता. त्याच दिवशी वर आलेला पिचर लोगन गिल्बर्ट मात्र पुढे २०२४ च्या ऑल-स्टार सामन्यापर्यंत पोचला. एकाच संघाबद्दल, एकाच कॅम्पमधल्या वादात चाहते एकाबाबत सपशेल चुकले आणि दुसऱ्याबाबत बरोबर ठरले. संघाने त्यांना थांबवलं त्याचा मात्र या दोन्ही निकालांशी संबंध नव्हता. केलनिक खेळायला कच्चा म्हणून खाली होता, असं मॅथर म्हणालेच नव्हते. म्हणून त्याचं अपयश दाखवून संघाचा निर्णय योग्य ठरवता येत नाही.

केलनिकवरून निघणारा तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो: या वादांचं ओझं पोरांच्या खांद्यावर पडतं. २१ वर्षांच्या मुलाकडे एक शहर तारणहार म्हणून पाहतं, आणि तो अडखळला की तेच शहर त्याला 'फुसका' ठरवतं. हे क्रूर आहे, आणि चाहत्यांनी ते स्वतःशी कबूल करायला हवं. साठ संधींच्या आकड्यांवर माणसाचं मोल करणं सोडलं आणि तेवढाच जोर निर्णय कोणत्या नियमाने झाला हे विचारण्यावर लावला, तर ओझं जिथे असायला हवं तिथे, संघाच्या कार्यालयावर पडेल.

२ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२ असे ९९ दिवस मालकांनी टाळेबंदी केली आणि कॅम्पच लांबले. त्यातून निघालेल्या करारात हा प्रश्न पहिल्यांदा नियमांत उतरला. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला, तो केव्हाही वर आला असला तरी, पूर्ण वर्षाचा सेवाकाळ मिळू लागला. नावाजलेल्या प्रॉस्पेक्टला पहिल्या दिवसापासून खेळवणाऱ्या संघाला, तो पुरस्कारापर्यंत पोचला तर ड्राफ्टमध्ये जादा निवडीचं बक्षीस मिळू लागलं. एका मोसमात खेळाडूला पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येणार नाही, असंही ठरलं. त्याच वर्षी सिएटलने हुलिओ रॉड्रिगेझला पहिल्या दिवशीच मैदानात उतरवलं. त्याने २८ होमरन मारले, तो सर्वोत्तम नवोदित ठरला, संघ २००१ नंतर प्रथमच बाद फेरीत पोचला आणि बक्षिसाची निवडही सिएटलला मिळाली. बाल्टिमोरचा ॲडली रचमन मेमध्ये संघात आला, मतदानात दुसरा ठरला आणि त्याचं वर्ष पूर्ण धरलं गेलं. २०२४ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने पॉल स्कीन्सला ११ मेपर्यंत खाली ठेवलं. तो नवोदितांत पहिला आला आणि थांबवून मिळवलेलं वर्ष संघाच्या हातून गेलं. पळवाट बुजली नाही. पहिल्या दोघांत न येणाऱ्यांना ती अजून भोवते.

आणि कॅम्पच्या मुख्य मैदानामागे आणखी मैदानं असतात, तारेच्या कुंपणाआडची. तिथे दुय्यम लीगची शेकडो मुलं सकाळपासून खपतात. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठल्याच यादीत नसतात. मार्चच्या या कामाचा त्यांना पगार मिळत नसे. ॲरन सेनी आणि इतरांनी २०१४ मध्ये त्यावर दावा लावला. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने ही मुलं वर्षभराचे कर्मचारी आहेत असं ठरवलं, त्याच वर्षी १८ कोटी ५० लाख डॉलर्सची तडजोड झाली, आणि २०२३ मध्ये त्यांच्या संघटनेचा पहिला करार झाला. सर्वांत वरच्या ट्रिपल-ए पातळीवरचं किमान वार्षिक वेतन १७,५०० वरून ३५,८०० डॉलर्सवर गेलं, आणि स्प्रिंग ट्रेनिंगच्या आठवड्यांचाही पगार सुरू झाला. सव्विसाव्या जागेसाठी कुणी ज्यांचं नावही घेत नाही, ती मुलं आता मार्चमध्येही पगारावर असतात.