खटका पुन्हा पुन्हा का पडतो?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील सास्तूर गाव उद्ध्वस्त झाले. दगडमातीची जुनी घरे कोसळली आणि पुढील काही वर्षांत गाव नव्या घरांत उभे राहिले. ही घरे आता जवळजवळ तीस वर्षांची झाली आहेत. भिंती भक्कम असल्या तरी विजेच्या तारांनाही वय असते. तारेवरचे वेष्टन कडक होऊन तडकते. शिवाय एवढ्या वर्षांत कोठे पडवी काढली जाते, कोठे न्हाणीघर होते, कोठे अंगणात दिवा येतो. आणि दर वेळी जुन्या तारेला नवी तार जोडली जाते. मग एखाद्या संध्याकाळी दिवे लावताच बोर्डावरचा खटका, म्हणजे एम.सी.बी., खट्कन खाली पडतो. वर करावा, तर पुन्हा पडतो! सास्तूरच काय, तेवढ्या वयाच्या कोणत्याही घरात असे घडू शकते.

अशा वेळी पुष्कळ जण ६ अँपिअरचा खटका काढून ३२ अँपिअरचा बसवतात. खटका पडायचा थांबतो, पण दोष तसाच राहतो. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्ही शिकला आहात. प्रवाह ६ वरून ३२ अँपिअरवर गेला, तर उष्णता सुमारे २८ पट होते! तारेचे साधे पी.व्ही.सी. वेष्टन सतत ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकते. त्यापुढे ते मऊ पडते आणि आगीला निमंत्रण मिळते.

आता खटक्याच्या पोटात काय असते, ते पाहू. त्यात दोन पहारेकरी असतात. पहिली द्विधातू पट्टी. जादा प्रवाहाने ती तापून हळूहळू वाकते व खटका पाडते. याला काही मिनिटेही लागतात. दुसरा विद्युतचुंबक. दोन तारा एकमेकींना चिकटून प्रवाह एकदम अनेक पटींनी वाढला, की तो क्षणार्धात खटका पाडतो. म्हणून खटका किती वेळाने पडतो, यावरूनच पहिला सुगावा लागतो.

दिव्यांचा भार फार झाला असेल का? हिशेब करू. ९ वॅटचे दहा एल.ई.डी. दिवे म्हणजे ९० वॅट. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे ०.४ अँपिअर. एवढ्याने ६ अँपिअरचा खटका पडणार नाही. मात्र त्याच तारेवर १००० वॅटची इस्त्री आणि पाणी तापवण्याचा १५०० वॅटचा रॉड एकाच वेळी लावला, तर प्रवाह जवळजवळ ११ अँपिअर होतो आणि काही मिनिटांत पट्टी वाकते. खटक्याच्या स्क्रूखाली तार सैल असली, तरी तेथील उष्णतेने पट्टी वाकू शकते.

दोष शोधायचा कसा? सगळी बटणे बंद करा आणि खटका वर करा. तो टिकला, तर एकेक बटण चालू करा. ज्या बटणाला खटका पडेल, त्याच्या दिव्यात, होल्डरमध्ये किंवा तारेत दोष आहे. सगळी बटणे बंद असतानाही खटका पडला, तर दोष बटणांच्या अलीकडच्या तारांत आहे. येथे वायरमन मेन स्विच बंद करून मधल्या जोडपेटीत तार सोडवतो आणि कोणता अर्धा भाग चांगला आहे, ते तपासतो. उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करतो. आठ भागांपैकी सदोष भाग अशा तीनच चाचण्यांत सापडतो!

खटका फक्त पाऊस पडल्यावर पडतो का? मग कोणता पडतो, ते नीट पाहा. आर.सी.सी.बी. नावाच्या खटक्यावर चाचणीसाठी ‘टी’ अक्षराचे बटण असते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो की नाही, हे तो पाहतो. ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या शरीरातून प्रवाह जमिनीत निसटला, की घरगुती आर.सी.सी.बी. ३० मिलिअँपिअरच्या आतच वीज तोडतो. एम.सी.बी.ला एवढी सूक्ष्म गळती कळत नाही. भिजलेला अंगणातला दिवा हा अशा वेळी पहिला संशयित! हा खटका बाजूला काढून सरळ तार जोडणे म्हणजे घरच्यांचा जीव धोक्यात घालणे होय.

एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: बोर्ड किंवा जोडपेटी उघडण्याचे काम परवानाधारक वायरमनचे, तुमचे नव्हे. जळका वास आला किंवा बोर्ड गरम लागला, तर खटका पुन्हा वर करू नका. मेन स्विच बंद करायला घरातील मोठ्यांना सांगा. तुम्ही दुसरे काम करू शकता. खटका पडल्याची वेळ, त्या वेळी चालू असलेली उपकरणे, त्यांचे वॅट आणि पाऊस होता की नाही, याची वहीत नोंद ठेवा. वायरमन आला, की ती वही त्याच्या हाती द्या. त्याचे निम्मे काम झालेले असेल.