छायाचित्र यजमानाचे, चेहरा कुणाचा?

सातारा असो वा सांगली, लग्नाची छायाचित्रे आता मंगल कार्यालयातच मोबाइलवर मिळू शकतात. पाहुण्याने क्यूआर कोड स्कॅन करून सेल्फी दिला, की हजारो छायाचित्रांतून त्याची तेवढी वेगळी होतात. यामागील कृत्रिम बुद्धिमत्ता प्रत्येक चेहऱ्याचे आकड्यांच्या मालिकेत रूपांतर करते आणि त्या मालिका परस्परांशी ताडून पाहते. म्हणजेच सेल्फी न दिलेल्या आजींचा आणि कडेवरच्या बाळाचाही चेहरा मोजला जातो, तोही बहुधा दूरच्या सर्व्हरवर.

पूर्वी निगेटिव्ह स्टुडिओच्या कपाटात राहत. वाद झालाच तर जादा प्रतींच्या पैशांवरून. वेगळा करार नसल्यास, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा स्वामित्वहक्क ग्राहकाचाच, असे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते. (हे अनेक यजमानांच्या गावीही नसते.) चेहऱ्याच्या मोजमापाविषयी मात्र तो कायदा मूक आहे.

तेथे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा येतो. घरगुती वापराला त्यात सूट आहे, व्यावसायिक स्टुडिओला नाही. संमती स्पष्ट हवी, ती मागे घेता यायला हवी. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती हवी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, परंतु मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे.

म्हणून आगाऊ रक्कम देतानाच विचारावे: चेहऱ्यांची माहिती कोठे साठवणार, केव्हा पुसणार, अल्बमची लिंक किती दिवस खुली राहणार आणि बाळाचे छायाचित्र जाहिरातीत वापरणार का? उत्तरे पावतीवरच लिहून घ्यावीत.