आंतरजालावर औषधालयाची प्रसिद्धी : मर्यादा आणि मार्ग

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकोणतिसाव्या अध्यायात वैद्यांचे प्राणाभिसर आणि रोगाभिसर असे दोन वर्ग सांगितले आहेत. त्यांतील रोगाभिसराचे वर्णन आजच्या वाचकास चकित करील असे आहे. वैद्याचा वेष धारण करून हे लोक मार्गांवरून हिंडतात. कोणी आजारी असल्याची वार्ता कानी येताच तेथे धाव घेतात. ऐकू जाईल अशा बेताने आपले वैद्यगुण मोठ्याने सांगतात आणि आधी उपचार करणाऱ्या वैद्याचे दोष वारंवार काढतात. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिवसभर सरकणाऱ्या औषधांच्या जाहिराती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या वर्णनावर वेगळे भाष्य नको.

म्हणून आंतरजाल वर्ज्य मानावे काय? आमचे मत तसे नाही. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील रुग्णसुद्धा आज गोंदियाला येण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर आपल्या व्याधीचे नाव शोधतो. तेथे प्रशिक्षित वैद्याचा आवाज नसेल, तर रोगाभिसराचा आवाज तेवढा त्याच्या कानी पडतो. चालू असलेले मधुमेहाचे औषध आपल्याच मनाने थांबवून, पोस्टाने मागविलेली बिननावाची चूर्णाची पुडी हातात घेऊन येणारे रुग्ण आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असतील. प्रसिद्धीचा प्रश्न केवळ व्यवसायवृद्धीचा नाही तो या कारणाने. प्रस्तुत लेखात कायद्याने काय निषिद्ध आहे आणि त्या मर्यादेत राहून वैद्याने व औषधालयचालकाने काय करावे, याचा विचार करीत आहोत.

१. कायद्याची चौकट

औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ हा आपल्या दृष्टीने मूळ कायदा होय. त्याच्या अनुसूचीत ५४ व्याधी व अवस्था आहेत. मधुमेह, कर्करोग, उच्च व नीच रक्तदाब, हृद्रोग, लठ्ठपणा, मूतखडा, पक्षाघात, अपस्मार, संधिवात, पांढरे डाग, मोतीबिंदू, स्त्रियांचे वंध्यत्व ही त्यांतील काही नावे. यांचे निदान, उपचार, उपशम किंवा प्रतिबंध अमुक औषधाने होतो, अशी जाहिरात करता येत नाही. मासिक पाळीच्या तक्रारी दूर करण्याची आणि कामशक्ती वाढविण्याची जाहिरातही याच अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात निषिद्ध आहे. आपल्या नित्य चिकित्सेतील किती विषय या यादीत येतात, हे प्रत्येकाने एकदा ताडून पाहावे.

हा कायदा छापील जाहिरातींच्या काळातील आहे, त्याचा चलच्चित्राशी संबंध काय, असा प्रश्न आम्हांस अनेकदा विचारला जातो. उत्तर व्याख्येतच आहे. लेबल, वेष्टन, परिपत्रक यांबरोबरच तोंडी घोषणा आणि प्रकाश, ध्वनी वा धूर निर्माण करून केलेली घोषणा हीसुद्धा ‘जाहिरात’ ठरते. पडद्यावरील चित्र आणि आवाज त्यातून सुटत नाहीत.

नोंदणीकृत वैद्याने स्वतःच्या जागेत लावलेल्या, अमुक रोगावर येथे उपचार होतात एवढे सांगणाऱ्या फलकाला चौदाव्या कलमाने सूट दिलेली आहे. परंतु ही सूट जागेवरील फलकापुरती आहे. त्याच फलकाचे छायाचित्र समाजमाध्यमावर फिरू लागले, की ती गृहीत धरता येणार नाही.

नियम १७० विषयीही गैरसमज आढळतो. औषधे नियमावलीत डिसेंबर २०१८ मध्ये समाविष्ट झालेल्या या नियमाने आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातीस पूर्वपरवानगी आवश्यक केली होती. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने तो वगळण्यात आला. २७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेस स्थगिती दिली. ११ ऑगस्ट २०२५ रोजी मूळ याचिका निकाली निघाली आणि स्थगितीही उठली. म्हणजे पूर्वपरवानगीची अट गेली. १९५४ चा अधिनियम मात्र जागेवरच आहे. ही याचिका इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ मध्ये दाखल केली होती. त्याच प्रकरणात पतंजली आयुर्वेद या मोठ्या संस्थेस फेब्रुवारी २०२४ मध्ये अवमानाची नोटीस निघाली, एप्रिलमध्ये वृत्तपत्रांतून जाहीर क्षमायाचना प्रसिद्ध करावी लागली आणि ती जाहिरातींएवढ्याच आकाराची आहे काय, अशी विचारणाही न्यायालयाने केली. देशभर परिचित असलेल्या संस्थेची ही स्थिती, तेथे तालुक्याच्या औषधालयाने धोका पत्करू नये.

याखेरीज ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. हा दंड उत्पादकाबरोबर जाहिरातीत भलावण करणाऱ्यासही होऊ शकतो. दुसऱ्याच्या उत्पादनाची पडद्यावर स्तुती करण्याचे निमंत्रण तरुण वैद्यांना आजकाल वारंवार येते. ते स्वीकारण्यापूर्वी हे कलम वाचावे.

२. घरचे औषध आणि बाजारातील औषध

वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार केले, तर औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या ३३-ईईसी कलमातील परंतुकानुसार त्यास उत्पादनाचा परवाना लागत नाही. ही सवलत ‘स्वतःच्या रुग्णांसाठी’ या शब्दांवर उभी आहे. तेच औषध छायाचित्र व किंमत देऊन आंतरजालावर कोणासही विकावयास ठेवले, की घेणारा आपला रुग्ण उरत नाही आणि सवलतही उरत नाही. विक्री करावयाची असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादन परवाना घ्यावा किंवा परवानाधारकाचे औषध विकावे.

अनुसूची ई(१) मधील द्रव्यांची दक्षता वेगळी. वत्सनाभ, कुपीलु, धत्तूर, जयपाल, पारद, हरताल यांच्याप्रमाणे आपल्या जंगलातील भल्लातक, म्हणजे बिब्बा, या यादीत आहे. अशी द्रव्ये असलेली औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आंतरजालावरील विक्रीमंचांना, नोंदणीकृत वैद्याचे औषधपत्र घेतल्यावाचून ती विकू नयेत, असे कळविले. छोट्या औषधालयानेही हाच दंडक पाळावा.

३. गुगलवरील नोंद

मर्यादा पाहिल्या, आता मार्ग पाहू. नव्या माणसाने पहिली गोष्ट करावी ती गुगलच्या नकाशावर आपल्या जागेची विनामूल्य नोंद. नाव फलकावर असेल तेच द्यावे. नावापुढे रोगांची माळ जोडणे गुगलच्या नियमांविरुद्ध आहे आणि वर सांगितलेल्या कायद्याच्याही कक्षेत जाते. वेळ, सुट्टीचा वार, दूरध्वनी आणि नकाशावरील खूण अचूक असावी. पन्नास किलोमीटरवरून एसटीने आलेल्या रुग्णास बंद दार दिसले, तर तो पुन्हा येत नाही. बाहेरील फलक, औषधांची मांडणी आणि बैठकीची खोली यांची स्वच्छ छायाचित्रे पुरेशी आहेत.

अभिप्रायासाठी सवलत किंवा भेट देऊ नये. प्रतिकूल अभिप्रायास उत्तर देताना व्याधीचा उल्लेख टाळावा. ‘आपण प्रत्यक्ष भेटावे, तक्रार ऐकून घेऊ’ एवढे पुरे. रुग्णाने स्वतः आपला आजार लिहिला असला, तरी वैद्याने त्याची वाच्यता करू नये.

४. व्हॉट्सअॅपचा विवेक

व्यवसायासाठीचे व्हॉट्सअॅप विनामूल्य आहे. त्यात वेळ, पत्ता व औषधांची सूची ठेवता येते. येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे : रुग्णांचा समूह करू नये. समूहात प्रत्येकाचा क्रमांक इतर सर्वांना दिसतो आणि कोण कोणत्या वैद्याकडे जातो, हे गावभर होते. त्याऐवजी प्रसारण-यादी वापरावी. तीत २५६ क्रमांकांपर्यंत संदेश स्वतंत्रपणे पोहोचतो. मात्र ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या भ्रमणध्वनीत नोंदविलेला आहे, त्यांनाच तो मिळतो. ही अट अडचणीची वाटली, तरी हिताची आहे. ज्याला नको त्याच्याकडे आपण जात नाही. रुग्ण समोर असताना विचारावे, होकार असेल तर क्रमांक नोंदवून द्यावा आणि आठवड्यास एकाहून अधिक संदेश पाठवू नये.

उपचारापूर्वीची व नंतरची छायाचित्रे लेखी संमतीवाचून कोठेही देऊ नयेत. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. अनुसूचीतील व्याधींबाबत तर संमती असूनही अशी छायाचित्रे जाहिरातच ठरू शकतात.

५. काय सांगावे?

रोगाचे नाव घ्यावयाचे नाही, तर बोलावे कशावर, ही शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आपल्या शास्त्राने दिनचर्या, ऋतुचर्या आणि द्रव्यगुण या रूपाने पूर्वीच दिले आहे. स्वस्थाच्या स्वास्थ्यरक्षणाचे हे भांडार कोणत्याही व्यापारी संस्थेपेक्षा आपल्याजवळ अधिक आहे. ते स्थानिक जीवनाशी जोडले, म्हणजे श्रोतावर्ग आपोआप तयार होतो.

आपला जिल्हा धानाचा. रोवणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलात उभ्या राहणाऱ्या स्त्रियांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडतात. सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत सांगितलेला, दूषित चिखलाच्या स्पर्शाने होणारा ‘अलस’ तो हाच. पाय कोरडे कसे ठेवावेत, रात्री काय लावावे, हे दोन मिनिटांत सांगता येते. दिवाळीनंतर घरोघरी नवा तांदूळ येतो. नवे धान्य गुरू व कफकर, वर्षभर जुने लघू. पचन मंद असलेल्याने नवा तांदूळ कसा शिजवावा, हा दुसरा विषय. हिवाळ्यात आवळा आणि बिब्बा, फाल्गुन-चैत्रात मोहफूल, वैशाखात तेंदूपत्ता तोडणाऱ्यांसाठी उन्हापासून रक्षण. वर्षभराचे वेळापत्रक असे जंगल आणि शेत पाहूनच आखता येते.

एका वेळी एकच द्रव्य किंवा एकच सवय घ्यावी. वनस्पती ताजी, हातात धरून दाखवावी. तिच्याशी गल्लत होणारी दुसरी वनस्पती असल्यास तीही दाखवावी. भाषा सोपी असावी. बालाघाट व छत्तीसगडकडील रुग्णांसाठी तेच हिंदीत सांगावे आणि झाडीबोलीतील किंवा पोवारीतील स्थानिक नावे अवश्य घ्यावीत, कारण शोधणारा त्याच नावाने शोधतो. महिन्यातून दोन चित्रफिती नियमाने वर्षभर देणे, हे पंधरा दिवसांत वीस देऊन थांबण्यापेक्षा श्रेयस्कर. प्रश्न आल्यास सर्वांसमक्ष औषध व मात्रा सांगू नये. सल्ला द्यावयाचाच तर आयुर्वेदीय वैद्यांसाठी एप्रिल २०२० मध्ये निघालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रुग्णाची ओळख व नोंद ठेवून द्यावा.

६. औषधाची माहिती कशी द्यावी?

औषधालयचालकांनी सूचीत प्रत्येक औषधापुढे ग्रंथाधार, घटक, उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच, निर्मितीचा दिनांक, मुदत आणि वजन द्यावे. ‘शंभर टक्के’, ‘हमखास’, ‘कायमचा’, ‘दुष्परिणामरहित’ हे शब्द काढून टाकावेत. त्यांची जागा माहितीने भरावी. हिरडा कोठून घेतला, कोणत्या महिन्यात वाळविला, चूर्ण केव्हा दळले, हे सांगणारे औषधालय विरळा आहे. जंगलाच्या सान्निध्यामुळे आपणांस जे सहज सांगता येते, ते महानगरातील विक्रेत्यास सांगता येत नाही.

७. खर्च आणि मोजमाप

पैसे देऊन जाहिरात करावयाची असल्यास फेसबुकवर ठरावीक गावाभोवतीचे क्षेत्र निवडता येते. तेव्हा सर्व महाराष्ट्र निवडून पैसा वाया घालवू नये. आमगाव किंवा तिरोडा पुरेसा आहे. परिणाम मोजण्यासाठी पसंतीच्या आकड्यांवर विसंबू नये. केसपेपरवर ‘आमच्याविषयी कोठून कळले?’ असा एक रकाना वाढवावा. तीन महिन्यांनी त्या नोंदी मोजल्या, की नातेवाईक, फलक, गुगल आणि चित्रफीत यांतील कोणी किती रुग्ण आणले, ते स्पष्ट होते. ज्यातून कोणी आले नाही, त्यावरील खर्च थांबवावा.

आमची एक सूचना आहे. वर्षाच्या वेळापत्रकातील विषय जिल्ह्यातील वैद्यांनी आपसांत वाटून घ्यावेत आणि एकाने केलेली चित्रफीत इतरांनी आपापल्या रुग्णांपर्यंत पोहोचवावी. शेजारच्या वैद्याचे दोष काढणे हे चरकांनी रोगाभिसराचे लक्षण म्हणून नोंदविले आहे. त्याच्या विरुद्ध वर्तन, म्हणजे सहकाऱ्याचे चांगले काम पुढे नेणे, आंतरजालावर एका स्पर्शाने साधते. त्यापूर्वी आपली पाने, सूची व जुने संदेश उघडून अनुसूचीतील ५४ नावांशी प्रत्येकाने ताडून पाहावेत आणि जे बसत नाही ते आजच काढून टाकावे.