लचक की मोड? मनगट व हाताच्या दुखापती ओळखा



गळीत हंगाम जवळ आला की तोडणी, वाहतूक, काटा याच गोष्टी आपल्या डोक्यात असतात. पण ज्या हातांवर हे सगळे चालते, त्या हाताला काही झाले तर "लचकलाय, होईल बरा" म्हणून आपण सोडून देतो. हा हलगर्जीपणा किती महाग पडतो ते आमच्या घरीच पाहिले, म्हणून हा लेख.

आमचा भाचा मुंबईत घाटकोपरला राहतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले, पुतणे घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली भागात नोकरीधंद्याला आहेत. तेव्हा तिकडचा गोविंदा आपल्याला नवा नाही. थर कोसळला की माणूस आपसूक हात पुढे टाकतो. भाचाही तसाच तळहातावर पडला. मनगटाला थोडी सूज होती, हात वाकडा दिसत नव्हता. त्याने कापड गुंडाळले, एका ठिकाणी चोळून घेतले आणि कामावर गेला. दिवाळीला गावी आला तेव्हा त्याला पाण्याची कळशी उचलवेना. क्ष-किरण फोटो काढला तर अंगठ्याच्या बाजूचे छोटे हाड मोडलेले, आणि जुळण्याचे चिन्ह नाही. शेवटी कमरेच्या हाडाचा तुकडा घालून ते स्क्रूने बसवावे लागले. पहिल्याच आठवड्यात कळले असते तर बहुधा प्लॅस्टरवर भागले असते.

थरावरून पडणे काय आणि ओल्या बांधावरून किंवा उसाच्या ट्रॉलीवरून पडणे काय, हाताच्या दृष्टीने एकच. सगळा भार तळहातावर येतो.

१) अंगठ्याच्या मुळाशी दुखणे. मनगटात ८ छोटी हाडे असतात. त्यातले नावेच्या आकाराचे हाड, डॉक्टर त्याला स्कॅफॉइड म्हणतात, सर्वात फसवे. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो. पडल्यानंतर तिथे बोटाने दाबून दुखले तर मोड असल्याचे धरून चालावे. या हाडाला रक्त बहुतेक बोटांकडच्या टोकाने मिळते. पाट मध्येच फुटला की टेलच्या रानाला पाणी पोचत नाही, तसे मोडलेल्या हाडाच्या मागच्या तुकड्याला रक्त पोचत नाही, म्हणून ते लवकर सांधत नाही. पहिल्या फोटोत मोड न दिसणे हेही नेहमीचे. अशा वेळी डॉक्टर हात बांधून १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. ती फेरी चुकवू नये.

२) मनगट वाकडे दिसणे. हाताच्या पाठीकडून मनगटावर उंचवटा आणि त्याच्या अलीकडे खोलगट भाग दिसला, तर हाताचे मोठे हाड मनगटाशी मोडले आहे. वयस्कर बायामाणसांत हे फार आढळते, कारण हाडे ठिसूळ झालेली असतात. जुन्या डिझेल इंजिनाचे हँडल उलटे फिरून बसलेल्या फटक्यानेही मनगटाचे हाड मोडते. हात ओढून सरळ करायला जाऊ नका. आहे तसा लाकडी पट्टीवर किंवा जाड पुठ्ठ्यावर बांधा आणि गळ्यात झोळी करा.

३) बोटाचे टोक लोंबणे. चेंडू लागून किंवा बोट कशात अडकून टोक खाली वाकले आणि आपल्या बळाने वर येत नसेल, तर आतली दोरी तुटली आहे. ६ ते ८ आठवडे पट्टी बांधून बोट सतत सरळ ठेवावे लागते. मध्येच एकदा वाकवले की पहिल्यापासून सुरुवात.

४) कोयत्याची जखम. जखम केवढी दिसते यावर जाऊ नका. प्रत्येक बोट एकेक करून वाकते का, सरळ होते का, टोकाला स्पर्श कळतो का, ते पाहा. वाकत नसेल तर दोरी, बधिर असेल तर शीर तुटलेली असू शकते. नुसते टाके घालून हे बरे होत नाही. रक्त थांबवायला स्वच्छ कापडाने दाबून हात उंच धरा. हळद, तंबाखू, चुना भरू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का ते विचारा.

५) बोट तुटणे. कडबाकुट्टीत बोट गेले तर तुटलेला भाग स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट लावू नये. जोडता येईल की नाही ते डॉक्टर ठरवतील. आपण वेळ घालवू नये. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकावर एका तरुण मुलीने लोकलच्या अपघातात दोन्ही हात गमावले. तिला ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल रुग्णालयात दात्याचे हात बसवण्यात आले. शास्त्र इतके पुढे गेले आहे, पण आपला हात तो आपला हात.

कोणतीही दुखापत असो, सूज चढण्याआधी अंगठी आणि बांगड्या काढा. पहिले दोन दिवस चोळणे, शेकणे, तेल लावणे नको. प्लॅस्टरनंतर बोटे निळी किंवा गार पडली, मुंग्या आल्या, कळ वाढत गेली तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. मुंबईकर मुलांनाही कळवा, की घाटकोपरला राजावाडी आणि अंधेरीच्या लोकांना जवळ पार्ल्याचे कूपर ही महापालिकेची रुग्णालये आहेत.

शेवटी एक विनंती. आपल्या फडात तोडणीला येणारा मजूर हात दुखला तरी सांगत नाही, कारण खाडा झाला की मजुरी बुडते. त्याच्या अंगठ्याचा खळगा आपण दाबून पाहावा, आणि दुखत असेल तर त्याला आपल्याच गाडीवर बसवून दवाखान्यात न्यावे. ऊस एक दिवस थांबेल. कोयता धरणारा हात गेला, तर त्याचे अख्खे घर उघड्यावर पडेल.