पत्रांची पिशवी

बँकेत असताना बदलीच्या गावाहून मी पत्नीला पत्रे लिहीत असे. कोल्हापूरहून तिची उत्तरे येत. प्रत्येक पत्रात एकच प्रश्न : ‘कधी येणार?’ माझे उत्तर ठरलेले : ‘मार्च अखेर आटोपली, की.’ दोन वर्षांपूर्वी ती गेली. पत्रांची पिशवी सुतळी बांधून कपाटात ठेवली, ती उघडायचा धीर झाला नाही.

परवा करवीर नगर वाचन मंदिरातून ‘कुसुमानिल’ पुन्हा आणले. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, आणि कुसुमावती यांनी लग्नापूर्वी एकमेकांना लिहिलेली ही पत्रे. १९२९ साली त्यांचा विवाह झाला. १९५८च्या मालवण साहित्य संमेलनाचे अनिल अध्यक्ष होते. १९६१ साली ग्वाल्हेरला कुसुमावती अध्यक्ष झाल्या. संमेलनाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले.

अनिल पुढे वीस वर्षे जगले. त्यांच्या ‘दशपदी’ला १९७७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याआधी, १९७२ साली, त्यांनी ही पत्रे प्रसिद्ध केली. तारुण्यातले हळवे शब्द सत्तरी ओलांडलेल्या माणसाने चारचौघांपुढे ठेवायचे, याला केवढे धैर्य लागले असेल! पण त्यामुळेच त्यांची कुसुम आजही वाचकांना भेटते.

मी मात्र पिशवी बांधून ठेवली होती. भीती तिच्या पत्रांची नव्हती, माझ्या उत्तरांची होती.

काल रात्री सुतळी सोडली. लेकीला हाक मारली, “ये, आईचं पत्र वाचू.”